नरखेडची जीप आणि कोल्हापूरची मेबॅक

दिवाळीच्या सुमारास नरखेड तालुक्यात आंबिया बहाराची संत्री तोडणीला येतात. काटोल मागे टाकून नरखेडच्या सडकेला लागलं की दोन्ही अंगांना बागा दिसू लागतात, मधूनच कपाशी आणि तूर, आणि धुऱ्याकडेला टिनाची शेडं. मोवाडच्या बाजूला वर्धा नदी, नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका. उत्तरेला थोडं गेलं की पांढुर्णा, म्हणजे मध्य प्रदेश. डांबरी सडक गावापर्यंत येते; गावापासून बागेपर्यंत मात्र पांदण असते. काळ्या मातीची ही पांदण पावसाळ्यात बैलाचीही परीक्षा घेते. त्यामुळे या मुलखात गाडीची पारख साधी आहे. पांदणीतून जी निघते, ती गाडी चांगली.

या पारखीवर उतरलेल्या गाड्या इथे दीर्घायुषी ठरल्या. ताडपत्रीच्या हुडाची जीप, दुधाच्या कॅन लटकवून फिरलेली राजदूत, खताचं पोतं पुढे उभं करून चालवलेली लूना, आणि ज्याच्या बोनेटवरचं नाव उन्हाने पुसलं तरी इंजिन एका हाकेत उठतं असा जुना ट्रॅक्टर. शहरातल्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात यांना बोलावणं येत नाही. तिथे चकाकणाऱ्या रोल्स-रॉइस असतात, बेंटली असतात, पांढऱ्या टायरच्या अमेरिकन मोटारी असतात. त्या मोटारी सुंदर आहेत आणि त्यांना जपणाऱ्यांचं वेड खरं आहे. पण महाराष्ट्राच्या रस्त्यांचा इतिहास लिहायचा तर राजवाड्याच्या मोटारखान्याइतकंच पांदणीकडेलाही बघावं लागेल. जुन्या गाडीचं मोल तिच्या किमतीत आणि चकाकीत जेवढं आहे, त्याहून अधिक ते तिने ओढलेल्या कामात आणि तिला चालतं ठेवणाऱ्या हातांत आहे. हे हात दरवर्षी कमी होत चालले आहेत, म्हणून हा विषय आजच मांडायला हवा.

युद्धावरून बागेत

जीप जन्मली ती दुसऱ्या महायुद्धासाठी. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बांधल्या. स्टीअरिंग डाव्या हाताला, चारही चाकांना ताकद, दारं नाहीत, काच पुढे बोनेटवर आडवी होणारी. गाडी बिघडली तर खंदकातल्या शिपायाला चार पान्यांत उघडता यावी, हा तिच्या रचनेमागचा विचार. पुढे तिला शेतावर दीर्घायुष्य मिळालं ते याच गुणामुळे.

भारतात ती रुजवली महिंद्रांनी. के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ मध्ये कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले, त्या देशाचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. १९४७ पासून मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग येऊन जोडले जाऊ लागले. जोडणीपासून सुरुवात झालेलं हे काम हळूहळू पूर्ण देशी बनावटीकडे गेलं.

जीपवेड्यांच्या बोलण्यात ‘लो बोनेट’ आणि ‘हाय बोनेट’ हे दोन शब्द हमखास येतात. हा फरक शोभेचा नाही, इंजिनाच्या पोटातला आहे. युद्धकाळातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसत, त्यामुळे इंजिन बुटकं होतं. विलीजने १९५३ मध्ये आणलेल्या सीजे-३बी मॉडेलमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. ताकद वाढली आणि इंजिन उंचही झालं. ते झाकायचं तर बोनेट वर उचलणं भाग होतं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, पण महिंद्रांनी त्याच घाटाच्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं काढल्या. आपल्याकडे ‘जीप’ म्हटल्यावर जो उंच कपाळाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, तो हाच.

तालुक्यात जीप पोचण्याच्या दोन मोठ्या वाटा होत्या. पहिली लष्कराच्या लिलावाची, जिला सगळे ‘डिस्पोजल’ म्हणत. दुसरी सरकारी खात्यांची. तहसील, पंचायत समिती, पाटबंधारे, वनखातं, आरोग्य केंद्र, सगळीकडे जीप होती. सरकारी कामाची वर्षं भरली की तिचा लिलाव होई. मग एखादा बागायतदार ती घेई, ताडपत्री बदले, पाटे चढवून घेई, आणि साहेबाची गाडी संत्र्याच्या पेट्या वाहू लागे. निवडणुकीत तिच्यावर भोंगा चढे, लग्नात तिच्यातून नवरदेव जाई, आणि रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी तिच्याच मालकाचं दार वाजे. एका गाडीने गावात एवढी नाती सांभाळल्याचं उदाहरण बैलगाडीनंतर दुसरं नाही.

अशा गाडीच्या कागदपत्रांत प्रदेशाचा सगळा इतिहास येतो. १९४९ मध्ये नागपुरात नोंदलेली एखादी जीप घ्या. नोंद झाली तेव्हा राज्य होतं मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. गाडी काटोल-नरखेडच्या त्याच सडकेवर उभी. राज्यं मात्र चार पाहिली. नागपूर ग्रामीणचा ‘एमएच-४०’ हा क्रमांक तर फार पुढचा. जुनं आरसी बुक मिळालं की जाणकार माणूस गाडीआधी ते का उघडतो, याचं उत्तर इथे आहे.

मोटारखान्यातलं वैभव

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या न्यू पॅलेसमध्ये मेबॅक ही जर्मन मोटार आहे. युद्धापूर्वीच्या काळात मेबॅक म्हणजे मोटारींमधली सर्वोच्च श्रीमंती. तिची खरी ओळख कोल्हापूरकरांना आहे ती दसऱ्यामुळे. शाही दसऱ्याला ही मेबॅक बाहेर पडते, छत्रपती घराणं तिच्यातून दसरा चौकात येतं, आणि सोनं लुटायला जमलेले लोक तिच्याकडे घरच्या माणसासारखं बघतात. जगात या मोटारीच्या मोजक्या बहिणी उरल्या असतील आणि त्यातल्या बहुतेक संग्रहालयात, दोरीच्या पलीकडे आहेत. कोल्हापूरची मेबॅक सणाला चालते. म्हणून ती लोकांची राहिली.

मराठी राजघराण्यांतला मोटारींचा सर्वांत मोठा शौकीन कोण, तर इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांचं नाव घ्यावं लागेल. युरोपातल्या नव्या कलेची उत्तम जाण असलेल्या या महाराजांनी १९३६ ची अमेरिकन ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून बॉडी बांधून घेतली. त्या काळी अशा मोटारींची चेसिस एकीकडून आणि बॉडी दुसरीकडून घेण्याची रीत होती. मालकाच्या मनाप्रमाणे पत्रा वाकवणारे, लाकडी सांगाडा घडवणारे कारखाने वेगळे असत. म्हणून दोन ड्युसेनबर्ग सहसा सारख्या नसतात. होळकरांची ती मोटार जगातल्या जाणकारांत आजही आदराने ओळखली जाते. ती भारतात राहिली नाही. संस्थानं विलीन झाल्यावर अशा कितीतरी मोटारी परदेशी ग्राहकांनी नेल्या. १९५० पूर्वी बनलेल्या मोटारींच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली, तोपर्यंत बरंच काही हातचं गेलं होतं.

जे उरलं ते वाचवलं हौशी माणसांनी. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्थाही मुंबईचीच. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली १९६४ पासून चालू आहे. २००८ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कार्टिए या पॅरिसच्या जवाहिऱ्यांच्या नावाने मोठी स्पर्धा भरली, आणि भारतातला मोटारवारसा जगाच्या नकाशावर ठळकपणे आला.

अशा स्पर्धेत परीक्षक काय बघतात, हे समजून घेण्यासारखं आहे. आधी चेसिसचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळतो का ते बघतात. ज्या इंजिनासह मोटार कारखान्यातून निघाली तेच तिच्यात असेल तर तिचं मोल अनेक पटींनी वाढतं. मग रंग त्या वर्षीच्या रंगपत्रिकेतला आहे का, गाद्यांचं चामडं कसं शिवलंय, स्क्रूचे माथे त्या काळचे आहेत का, मीटरच्या तबकडीवरची अक्षरं मूळ वळणाची आहेत का. भपकेदार क्रोमिअम चढवलं म्हणून गुण मिळत नाहीत. कारखान्यात जेवढी चमक होती त्याहून जास्त चमकवलेल्या मोटारीचे गुण कापले जातात. गेल्या काही वर्षांत तर जगभरच्या परीक्षकांचा कल आणखी बदलला. रंग उडालेली, गादी फाटलेली, पण हात न लागलेली मोटार आता वेगळ्या गटात मानाने उभी केली जाते. मोटार पुन्हा नवी करता येते, मूळची मात्र ती एकदाच असते, हे शहाणपण उशिरा का होईना आलं.

आणि चालणं? लंडनहून ब्राइटनला दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक यात्रा निघते. १४ नोव्हेंबर १८९६ ला ब्रिटनमध्ये मोटारींवरची जाचक वेगमर्यादा उठली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ती आठवण. १९०५ च्या आधी बांधलेल्या मोटारीच तिच्यात भाग घेऊ शकतात. पावसात, थंडीत, उघड्या मोटारींत बसून माणसं साठ मैल जातात. वाटेत मोटार बंद पडली की उतरून दुरुस्त करतात, बघे लोक धक्का देतात. तिथे पहिल्या क्रमांकाला महत्त्व नाही. ब्राइटन गाठलं की झालं.

मधल्या माणसाची मोटार

राजे आणि बागायतदार यांच्यामध्ये एक मोठा वर्ग होता, ज्याने आयुष्यात एकच मोटार घेतली आणि ती घरातल्या माणसाच्या नावाने हाक मारावी इतकी जपली. त्या मोटारीमागेही एक मराठी मातीतला उद्योजक आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. इंग्रज सरकार भारतात मोटार बनू द्यायला राजी नव्हतं, तरी त्यांनी आग्रह सोडला नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ अशा क्रायस्लरच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटचा परवाना आला. १९५० च्या दशकातली गोल पाठीची मिलेचेन्तो, १९६० च्या दशकातली डिलाइट, मग प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. इंजिन १,०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या नळीवर, पुढे सलग बाक, त्यामुळे घरची लहान मुलं मधे सहज मावत. बुकिंग केलं की वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. ज्या दिवशी गाडी दारात येई त्या दिवशी आळी गोळा होई.

पद्मिनीने मुंबईला काळी-पिवळी टॅक्सी दिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीचं वय वीस वर्षांपुरतं मर्यादित असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून हटली. त्या दिवसांत मुंबईकरांनी तिचे फोटो काढले, आठवणी लिहिल्या, निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवा अशी मागणी झाली. हजारोंनी गाड्या होत्या तेव्हा एकीकडेही कुणी वळून पाहिलं नव्हतं. रोजच्या वापरातल्या वस्तूंचं हे नेहमीचंच दुर्दैव. त्या दुर्मीळ झाल्यावरच आपल्याला दिसतात. ॲम्बॅसिडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं तेव्हाही हेच झालं होतं.

दोन चाकांचा इतिहास तर याहून जवळचा. मैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या सुमारास चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा काढली, पुढे तिचं येझदी झालं, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तरी जावा-येझदीचे शौकीन दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशभर एकत्र येतात. पोलिश मोटरसायकलीवरून एस्कॉर्ट्सने घडवलेली राजदूत दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची झाली. १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने पुण्यातून लूना आणली. ज्या घरात सायकलच्या पुढे कुणाची मजल गेली नव्हती त्या घरात पहिलं इंजिन तिने नेलं. शिक्षिका, नर्सबाई, पोस्टमन यांच्या पायांना तिने गती दिली. आता जावा, येझदी, चेतक, लूना ही नावं नव्या यंत्रांवर परत आली आहेत. चेतक आणि लूना तर विजेवर. कंपन्यांना या नावांची किंमत कळली आहे. ज्या मूळ गाड्यांनी ती किंमत कमावली त्यांची आठवण मात्र भंगाराच्या दुकानात वजनावर जाते.

मिस्त्रीचं शास्त्र

जुन्या गाडीच्या वेडाबद्दल लिहिताना मालकांविषयी भरपूर लिहिलं जातं. मिस्त्रीविषयी कमी. खरं तर जुनी गाडी जगते ती मिस्त्रीच्या जिवावर.

कार्बोरेटरच्या गाडीचं दुखणं कानाने ओळखायचं असतं. इंजिन अडखळतंय ते पेट्रोलमुळे की ठिणगीमुळे, हे मिस्त्री प्लग काढून त्याच्या रंगावरून सांगतो. प्लगचं टोक विटकरी असेल तर मिश्रण नीट, काजळीने काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापतंय. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट केसाइतकी बिघडली तरी गाडी चढावर जीव सोडते. ती फट गेजने मोजतात. गेज नसेल तिथे काही मिस्त्री हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीवर भागवतात. टायमिंग बसवायला एक छोटा बल्ब आणि वायरचा तुकडा पुरतो. बोअर झिजला की सिलिंडर खरादवाल्याकडे जातो, वरच्या मापाचं पिस्टन बसतं. मिळत नाही तो बुश पितळी गजातून कातून काढायचा. फाटलेला पत्रा कापून नवा जोडायचा, पण जोड दिसता कामा नये.

हे ज्ञान पुस्तकात कमी, हातात जास्त आहे. विदर्भात ते मुबलक होतं, त्याला कारणंही आहेत. नागपूरजवळ हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि चिकलठाण्याच्या बरोबरीची. हिंगण्यातच महिंद्रांचा ट्रॅक्टर कारखाना. भंडाऱ्याजवळ अशोक लेलँड. या कारखान्यांतून आणि आयटीआयमधून तयार झालेल्या हातांनी गावोगावच्या गॅरेजना शिष्य दिले. महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचा बी-२७५ ट्रॅक्टर असो की सीजे-३बी जीप, दोन्हींची पोटं उघडून बसवणारा माणूस तालुक्याच्या गावी सापडायचा. आताची पोरं स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचतात. त्यांचं शिक्षण काळाला धरून आहे. पण कार्बोरेटर उघडणारा हात एकदा थांबला की पुढच्या पिढीला तो शिकवणार कोण?

यात इंधनाचा नवा प्रश्न आला आहे. २००० सालापासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं. हवेसाठी ते आवश्यकच होतं. शिसं जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकीमध्ये वंगणासारखं काम करायचं. ते गेल्यावर कडक धातूच्या सीट बसवाव्या लागल्या. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्वत्र आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या नव्या गाडीला त्याचा त्रास जाणवत नाही, कारण तिचे नळ आणि वायसर त्यासाठी बनवलेले असतात. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या टाकीत मात्र पाणी खाली बसतं, पत्रा आतून गंजतो, जुन्या रबराचे पाइप फुगतात, पेट्रोल पंपाचा पडदा फाटतो. उपाय आहे: इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे पाइप आणि पडदे बदलून घ्यायचे, टाकी आतून साफ करायची, गाडी बराच काळ उभी करायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करायचा, आणि शक्यतो आठवड्याला एकदा तरी गाडी चालवायची. जुनी गाडी उभी राहून जास्त बिघडते, चालून कमी.

कायदा आणि पांदण

जुन्या गाड्यांसाठी देशपातळीवरचा पहिला स्वतंत्र नियम जुलै २०२१ मध्ये आला. तेव्हा आणि आजही रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री नागपूरचे खासदार नितीन गडकरी आहेत, म्हणजे नियम आपल्याच अंगणातून गेला म्हणायला हरकत नाही. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंतर पाच हजार; नोंद दहा वर्षं चालते. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक अभ्यासाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. हा नियम आला नसता तर कितीतरी मोटारी भंगार धोरणाच्या तोंडी गेल्या असत्या. त्याबद्दल संग्राहकांनी समाधान मानलं ते योग्यच.

पण हाच नियम नरखेडच्या जीपला लावून बघा. गावातल्या जीपमध्ये मूळ पेट्रोल इंजिन क्वचितच उरलं. पेट्रोल महागलं तेव्हा लोकांनी डिझेल इंजिन बसवलं, पाटे जाड केले, मागे बाक वाढवले. त्या बदलांमुळेच गाडी चालू राहिली, नाहीतर ती चाळीस वर्षांपूर्वीच वजनावर गेली असती. नियमाच्या दृष्टीने तिने मूळ रूप गमावलं. जुन्या वाहनांची जागतिक संघटना फिव्हा १९६६ पासून काम करते आहे. तिने २०१२ मध्ये ट्युरिनमध्ये मांडलेल्या सनदेत वापराच्या काळात झालेले बदलही वाहनाच्या इतिहासाचा भाग मानले आहेत. ही दृष्टी आपल्याकडे यायला हवी. विदर्भातल्या जीपमधलं डिझेल इंजिन ही भेसळ धरू नये. इंधन महाग झालेल्या काळात शेतकऱ्याने काढलेला तो तोडगा होता, आणि तीही नोंद ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट अधिक तातडीची. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या अधिकृत भंगार केंद्रात जातात. हवा आणि सुरक्षा यांचा विचार करता निर्णय समजण्यासारखा आहे. पण लिलावातून गावात येण्याची ती जुनी वाट आता बंद झाली. पंचायत समितीच्या आवारात उभी असलेली जीप यापुढे एखाद्या बागेत जाणार नाही, संग्राहकाकडे नाही आणि शाळेच्या प्रयोगशाळेतही नाही. दुष्काळात, पुरात, लसीकरणात, निवडणुकीत ज्या गाड्यांनी प्रशासन गावापर्यंत पोचवलं, त्यांतली एकही जिल्ह्यात नमुन्याला उरली नाही तर पुढच्या पिढीला ते प्रशासन चालत कसं होतं हेही कळणार नाही. १९९१ च्या जुलैत वर्धेच्या पुराने मोवाड उद्ध्वस्त झालं, शेकडो माणसं गेली. गावाच्या आठवणीत त्या पुराची जागा मोठी आहे. अशा वेळी चिखलातून जी वाहनं माणसं आणि अन्न वाहतात, त्यांना इतिहासात एक ओळ मिळायला काय हरकत आहे?

खंडेनवमीचं प्रदर्शन

यावर महागडा उपाय लागत नाही. गाडीचा सन्मान करण्याची रीत आपल्याकडे आधीच आहे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला शहर असो की खेडं, प्रत्येक गाडी धुतली जाते, झेंडूची माळ चढते, पान्यांना आणि हातोड्यांना हळदकुंकू लागतं. कोल्हापूरची मेबॅक आणि नरखेड तालुक्यातल्या बेलोन्याचा ट्रॅक्टर या दिवशी एकाच पूजेचे मानकरी असतात. आणि आपल्याकडे पोळाही आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू नसतं. शिंगं रंगवून, झूल घालून त्याला मिरवतात, आणि तो मान असतो वर्षभर ओढलेल्या नांगराचा. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन याच भावनेने भरवलं तर ते श्रीमंतांचा छंद राहणार नाही, गावाचा सण होईल.

नरखेड, काटोल, वरूड, पांढुर्णा या चार गावांनी मिळून दसऱ्याला एक जुनी वाहनं मांडण्याचा दिवस ठरवावा. बाजार समितीचं आवार त्याला पुरेल. गट असावेत कामाप्रमाणे: बागेची जीप, नांगरटीचा ट्रॅक्टर, दुधाची राजदूत, शाळेची लूना, घरची फियाट आणि ॲम्बॅसिडर. गाडीसमोर तिची कथा लिहिलेला फलक हवा: कुणी घेतली, कधी, कशासाठी, कोणतं इंजिन बदललं आणि का. मालकाइतकाच मान मिस्त्रीला द्यावा. त्याने तिथेच कार्बोरेटर उघडून आयटीआयच्या मुलांना दाखवावा. चमकण्याला गुण नसावेत. हाक मारताच उठणाऱ्या इंजिनाला असावेत.

सरकारकडे मागायच्या गोष्टीही दोनच. भंगारात जाणाऱ्या सरकारी गाड्यांपैकी जिल्ह्याला एक-दोन जुन्या जीप आयटीआय किंवा संग्रहालयासाठी राखून ठेवण्याची तरतूद व्हावी. त्या रस्त्यावर आल्या नाहीत तरी चालतील, वर्गात चालल्या तर पुरे. आणि व्हिंटेजच्या नियमात, वापराच्या काळात झालेल्या बदलांसह टिकलेल्या कामाच्या वाहनांसाठी, ट्रॅक्टरसकट, एक वेगळा वर्ग असावा. खर्च नगण्य आहे.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी मात्र सरकारची वाट बघू नये. आरसी बुक जपून ठेवा, विम्याच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या एका फाइलीत लावा, चेसिसचा क्रमांक उतरवून घ्या, गाडी ज्याने घेतली त्या आजोबांकडून तिची हकिकत फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. इंजिन बदललं असेल तर जुनं इंजिन विकू नका, शेडाच्या कोपऱ्यात राहू द्या. आणि कबाडी दारात येऊन किलोचा भाव सांगू लागला तर त्याला नम्रपणे नाही म्हणा. त्या गाडीतलं लोखंड पुन्हा कुठेही मिळेल. तिने या तालुक्यात जे काम केलं, त्याचा दुसरा पुरावा कुठेच मिळणार नाही.